हिल्डिंगच्या थडग्यावरचा हार

या, जरा जवळ सरकून बसा. आमच्या टूवाची गोष्ट सांगतो. बर्फावर स्की बांधून धावण्यात अख्ख्या स्वीडनमध्ये तिच्या तोडीचं कुणी नाही. पण लोक तिच्यावर जीव टाकतात ते एका रीतीपायी. शर्यत जिंकली, की विजयाचा हार गळ्यात तसाच ठेवून ती गावी येते आणि आपल्या पहिल्या प्रशिक्षकाच्या, हिल्डिंगच्या, थडग्यावर तो वाहते. टीव्हीवर ते बघताना भल्याभल्यांचे डोळे भरून येतात.

यंदा थडग्यापाशी आमच्या पाद्रीबाबांना राहवलं नाही. "पोरी, काय गं तुझी ही गुरुभक्ती! दर रविवारी प्रवचनात तुझाच दाखला देतो मी."

टूवाने हातमोज्याने शिळेवरचा बर्फ झाडला. नाव नीट दिसू लागलं. "बाबा, यानेच मला संघातून हाकललं होतं. सगळ्यांसमोर म्हणाला, तू कधी जिंकलीस, तर तो हार माझ्या मढ्यावर आणून घाल."

 पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "आता तरी माफ कर गं त्याला."

"करीन की, बाबा. ज्या वर्षी हरेन, त्या वर्षी."

तेव्हा मंडळी, प्रार्थनेला बसाल तेव्हा टूवाचं नाव नाही घेतलंत तरी चालेल. त्या बिचाऱ्या हिल्डिंगची मात्र आठवण ठेवा.