शहाण्णव गुण

दुसरं कॉलेज सोडून आमच्याकडे येऊ पाहणाऱ्यांची गुणपत्रिका मी आधी उजेडाला धरते, मग शिक्क्यावर ओलं बोट घासून बघते. वीस वर्षांत माझ्या खिडकीतून एकही खोटा कागद आत गेलेला नाही. आज खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीची गुणपत्रिका पाहिली आणि मनात पाल चुकचुकली. सगळ्या विषयांत पन्नास-पंचावन्न, आणि एकात एकदम शहाण्णव! त्यात अर्जात तिने बाकी सगळ्या विषयांचे गुण इकडे धरायला सांगितले होते, फक्त तोच विषय सोडून.

"पितळ उघडं पडेल म्हणून लपवतेस होय?"

मी तिच्यासमोरच तिच्या कॉलेजात फोन लावला. गुण अगदी खरे निघाले. माझा संशय उलट वाढला.

"अगं, हा विषय सोडलास तर अख्खं वर्ष पुन्हा करावं लागेल. हातातले शहाण्णव गुण कोण टाकून देतं?"

"चालेल मॅडम, वर्ष पुन्हा करते."

"खरं सांग, त्या पेपरला कॉपी केली होतीस ना?"

"त्या पेपरला मी गेलेच नव्हते, मॅडम. तापाने घरी पडून होते." तिची नजर खाली गेली. "त्या विषयाच्या सरांनी आपणहूनच गुण दिले. तेव्हापासून रोज कॉलेज सुटल्यावर एकटीला केबिनमध्ये बोलावतात."