मिनिटाला पंचवीस शब्द

"लाइनमध्ये काहीच दोष नाही, आजी," ब्रॉडबँडवाला म्हणाला. भिंतीतून आलेली केबल त्याने थेट स्वतःच्या लॅपटॉपला जोडली होती आणि पडद्यावरचा काटा सरसर उजवीकडे गेला होता. "बाहेरून पूर्ण स्पीड येतोय. तुमच्या टॅबपर्यंत पोचताना कुठेतरी पाणी मुरतंय."

तारबाई खुर्चीत सावरून बसल्या. खरं नाव वेगळं, पण जन्म तार ऑफिसात गेला, म्हणून साऱ्या गल्लीच्या त्या तारबाई.

त्यांना सिनेमे बघायचे नव्हते. त्यांना धाकट्या भावाला बघायचं होतं. तो दूर, दुसऱ्या शहरात, लेकीकडे. अर्धांगवायूने वाचा गेली आणि उजवं अंग गेलं. उरला डावा हात, तोही सारखा थरथरणारा. भाची रोज दुपारी फोन लावून त्याच्यासमोर धरायची आणि तारबाईंना दिसायचे नुसते चौकोन. चेहरा गोठायचा, मग एकदम मान भलतीकडे. दाढी केली आहे की नाही, चादर धुतलेली आहे की नाही, काही कळत नसे. भाची म्हणायची, आत्या, इकडे तू नीट दिसतेस, आणि तू दिसलीस की बाबांचा हात जास्तच थरथरतो. म्हणजे तो घाबरलेला आहे का? पोरगी त्याचे हाल तर करत नाही ना? हा किडा एकदा डोक्यात शिरला तो निघेना. एकदा त्याला स्वच्छ बघायचं, आणि तसं काही दिसलं तर उचलून इकडे आणायचं, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"तुमची तक्रार याआधी दोनदा नोंदवलेली दिसते," ब्रॉडबँडवाला म्हणाला. "दोन्ही वेळा घरातूनच फोन आला, आता नीट चालतंय म्हणून."

"तेव्हा चालत होतं," ओट्यापाशी उभी असलेली सून म्हणाली. ती तारबाईंच्या दिराची सून. नवराबायको वर्षापूर्वी तारबाईंच्या सोबतीला राहायला आले होते. घरात पुन्हा भांड्यांचा आवाज आला म्हणून तारबाई तेव्हा सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या. या वेळची तक्रार मात्र भाचीने तिकडूनच नोंदवली होती.

ब्रॉडबँडवाल्याने राउटर कुठे आहे ते विचारलं. सुनेने हात पुसले आणि आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. साड्यांच्या मागे, तळाशी, हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अहो वहिनी, लोखंडी कपाटात?" त्याला हसू आवरेना. "हे म्हणजे तोंडावर उशी दाबायची आणि वर म्हणायचं, बोल."

सून म्हणाली की बाहेर धूळ बसते, आणि त्या दिव्याने काकूंची झोप मोडते.

"माझी झोप?" तारबाई हसल्या. "दुपारचं दूध पोटात गेलं की हल्ली दिवेलागण कळत नाही मला. डोक्याशी बँड वाजवलात तरी उठायची नाही."

"नशीबवान आहात. आमची आजी रात्रभर जागी असते."

त्याने राउटर बैठकीतल्या फळीवर आणला, नवी केबल ओढली, बंद करून पुन्हा सुरू केला. काम होईतो तारबाईंची जुनी तार सुरू झाली. आमच्या वेळी मिनिटाला पंचवीस शब्द म्हणजे मोठी मर्दुमकी, त्या सांगत होत्या. भाऊ तीस घ्यायचा. ती लांब-आखूड कडकट्टची भाषा त्याला शिकवली त्यांनीच, ताटावर चमचा वाजवून. आई त्या खडखडाटाला कंटाळली, तेव्हा दोघं आवाज न करताही बोलायला शिकली. ब्रॉडबँडवाला मान डोलावत वायरी गुंडाळत होता. सुनेने दूध तापत ठेवलं.

तो गेला आणि थोड्या वेळात भाचीचा फोन आला. तारबाई नेहमीच्या जागी बसल्या, ओट्याकडे पाठ करून. सुनेने नेहमीसारखा दुधाचा पेला हातात दिला.

चित्र आलं, आणि त्या बघतच राहिल्या. काचेसारखं स्वच्छ. भावाची दाढी घोटलेली, केस विंचरलेले, सदऱ्याला इस्त्री. भाची त्याच्या पाठीला उशी लावत होती, हळुवार, लहान मुलाला लावावी तशी. तारबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरीवर उगाच संशय घेतला, असं वाटून त्या ओशाळल्या. दूध त्यांनी एका दमात संपवलं.

"आत्या, दिसतंय का गं नीट?"

"दिसतंय बाळा. सगळं दिसतंय."

भाऊ मात्र त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे, ओट्याकडे लागली होती. पांघरुणावर डावा हात थरथरत होता.

थरथरत नव्हता. आज मध्ये काही तुटत नव्हतं, गोठत नव्हतं, आणि तारबाईंना दिसलं की एकच बोट हलत होतं. लांब, आखूड, आखूड. थांबा. पुन्हा लांब.

"झालं का दूध, काकू?" मागून सून म्हणाली.

तारबाईंच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या, पण अक्षरं आपोआप जुळत गेली, पूर्वी जुळायची तशी. तो एकच तार पुन्हा पुन्हा पाठवत होता.

ताई दूध पिऊ नको. ती त्यात काहीतरी घालते.