मंगळवारचा वर्ग

“पुन्हा म्हण,” राइली म्हणाली. “आइती.”

“आइती,” तूरे म्हणाला.

“इतका जोर कशाला? आईला हाक मारतोयस, पोलिसांना नाही.”

वर्गात हशा पिकला. तूरेही कसनुसं हसला.

स्वीडनमधल्या बोरोस गावी एका शाळेत संध्याकाळी प्रौढांचे वर्ग भरत. वरच्या मजल्यावर शिवण, खाली मातीकाम, आणि कोपऱ्यातल्या खोलीत दर मंगळवारी फिनिश. शिकवणारी राइली फिनलंडहून कामासाठी आलेली. दिवसभर कापडगिरणीत मागावर उभी असायची. शिकणारे मोजकेच. त्यांतल्या हॉकनची बायको फिनिश होती. “सासूबाई माझ्याबद्दल काय बोलतात ते एकदा कळू दे,” तो म्हणायचा.

“कळलं की वर्ग सोडशील,” राइली म्हणायची.

तूरेला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “सहलीला जायचंय.”

सहलीला जाणारा माणूस हिवाळ्यामागून हिवाळे त्याच बाकावर येऊन बसत नाही, हे राइलीला कळत होतं. तिने खोदून विचारलं नाही.

तूरे फिनलंडमध्येच जन्मला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या हजारो मुलांना गळ्यात नावाचा पुठ्ठा अडकवून स्वीडनला पाठवलं होतं. त्यांतला तो एक. तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. बोरोसच्या एकमान नवराबायकोंनी त्याला सांभाळलं. युद्ध संपलं, बाकीची मुलं परत जाऊ लागली, तोवर तो आपली भाषा पार विसरला होता.

आई, हेल्वी, एकदाच आली होती. तो दहाएक वर्षांचा असेल. ती अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. त्याच्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलली. घरात कुणालाच ते समजलं नाही. तिने हात पुढे केला, तसा तो एकमानबाईंच्या मागे लपला. मग ती उठली आणि एकटीच स्टेशनकडे चालू लागली. त्यानंतर ती कधी आली नाही.

आता तूरे पन्नाशीकडे झुकला होता. एकमान दोघंही वारले होते, बायको केव्हाच वेगळी झाली होती. शनिवार-रविवार कुणाशी बोलणंच व्हायचं नाही. सोमवारी गिरणीत कामावर गेल्यावर पहिला शब्द बोलताना त्याचा आवाज घोगरा यायचा. मनात एकच प्रश्न घर करून होता. मला न घेता का गेलीस? तो आईला तिच्याच भाषेत विचारायचा होता. मध्ये दुभाष्या नको होता.

एका मंगळवारी वर्ग सुटल्यावर त्याने ते वाक्य राइलीला म्हणून दाखवलं. फळा पुसता पुसता तिचा हात थांबला.

“बरोबर आहे?” त्याने विचारलं.

“व्याकरण बरोबर आहे.” ती वळली. “आई आहे का अजून?”

“आहे. फिनलंडात, लिएक्सा गावी. नाताळला कार्ड येतं, खाली नुसतं नाव.”

“मग जा की बाबा! इथं काय करत बसलायस?”

“तिने उत्तर दिलं तर समजायला नको?” तूरे म्हणाला. “उन्हाळ्यात जातो.”

उन्हाळ्याआधीच लिएक्साहून पाद्रींचा फोन आला. ते सावकाश, स्पष्ट फिनिश बोलत होते. तूरेला प्रत्येक शब्द समजला. हेल्वी गेली होती.

लिएक्सात बर्फ अजून पुरतं वितळलं नव्हतं. नात्यातलं कुणी आलं नव्हतं. चर्चच्या पुढच्या बाकावर फक्त काही म्हाताऱ्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. दफन उरकल्यावर शेजारच्या दालनात कॉफी होती. तूरे एका टेबलाशी एकटा बसला. इतकी वर्षं घोटलेलं वाक्य आता विचारायचं तरी कुणाला?

एक उंच म्हातारी कप सांभाळत त्याच्यापाशी आली. एकेक शब्द जुळवत ती स्वीडिशमध्ये म्हणाली, “तुमच्या... दुःखात... मी सहभागी आहे.”

तिच्यामागून दुसरी आली. तीही स्वीडिशमध्येच. तिसरीने विचारलं, “प्रवास चांगला झाला का?”

तूरे चक्रावला. त्याने फिनिशमध्ये विचारलं, “तुम्ही किनाऱ्याकडच्या का? तिकडे स्वीडिश बोलतात म्हणे.”

“छे रे, इथल्याच आम्ही!” उंच म्हातारीने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि ती आपल्या भाषेवर आली. “मी इंकेरी, डेअरीत होते. ही सायमी. आम्ही संध्याकाळच्या वर्गात शिकलो.”

“लिएक्सात स्वीडिश कशाला लागतं?”

“कशालाच नाही,” सायमी म्हणाली. “इथली अस्वलंसुद्धा फिनिशच बोलतात.”

“मग?”

इंकेरी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. “तुला आणायला गेली होती ना हेल्वी? परत आली आणि त्याच सप्टेंबरात तिने वर्गात नाव घातलं. भाषेत डोकं चालायचं नाही बिचारीचं. आम्ही भराभरा पुढे गेलो, ती आपली पहिल्याच पुस्तकात. बोलायला उभी केली की दोन शब्दांत अडायची आणि खाली बसायची. पण वर्ग कधी चुकवला नाही.”

“आणि तुम्ही कशासाठी शिकलात?” तूरेने विचारलं.

“एकट्या बाईसाठी वर्ग कोण चालवणार? माणसं भरली नाहीत की बंद. म्हणून ती दर सप्टेंबरात दारोदार फिरून आम्हाला गोळा करायची.” इंकेरीने त्याच्या हातावर हात ठेवला. “स्वीडिशमध्ये बोलावं असं आमचं कुणीच नव्हतं, बाळा. तिचंच होतं.”