खालची खोली

"इथं. आता इथं," असं म्हणत ललित कागदाचा फक्त कोपरा उलगडत होता आणि विमलाबाई सही करत होत्या. घराच्या नकाशाचे कागद सतरंजीएवढे, खोली भाड्याची. पूर्ण उलगडायचे तर माणसांनी पलंगावर चढून बसायला हवं. ते पटण्यासारखं होतं. तरी पाचव्या सहीनंतर त्यांनी पेन वर उचललं.

"यात माझी खोली हाय ना रे?"

"खोली आहे गं." ललितनं कागदांची गुंडाळी केली. "पण नकाशाचं कुणाजवळ बोलू नकोस. कुणी विचारलं तर म्हणायचं, मला त्यातलं कळत नाही."

कळत नाही म्हणे! सातपूरच्या कारखान्यात जन्मभर पाळ्या करून नवऱ्यानं पाथर्डी फाट्याकडची ती जागा बायकोच्या नावानं घेतली होती, ती काय तिला कळत नाही म्हणून? पण विमलाबाईंनी पेन त्याच्या हाती दिलं. पोरगा अंबडला आठ तास मशीनवर उभा राहून आलेला, त्याच्याशी दिवेलागणीला कुठं हुज्जत घालायची!

त्यांचं मागणं एवढंच होतं: खालच्या मजल्यावर स्वतःची खोली. गुडघे गेल्यापासून या तिसऱ्या मजल्यावरून त्या उतरायच्या त्या दवाखान्यापुरत्या. दारात खुर्ची टाकून बसावं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारावी, भाजीवालीशी घासाघीस करावी, यासाठी त्यांचा जीव तुटायचा. एका रविवारी ललितनं त्यांना प्लॉटवर नेऊन पांढऱ्या फक्कीनं खोली आखून दाखवली, तेव्हा त्या रेघांच्या आत त्या तासभर बसून राहिल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात लेक आली, पल्लवी. आईच्या गुडघ्यांना तेल लावता लावता तिनं मोबाईल काढला.

"महापालिकेत दिलेला नकाशा हा. एका ओळखीतून मिळाला. बघ, पण दादावर रागावू नकोस हं."

विमलाबाईंनी चष्मा लावला. अक्षरं इंग्रजी होती, पण रस्ता ओळखता आला, जिना ओळखता आला. जिन्याला लागून त्यांची खोली हवी होती. तिथं भिंतीच नव्हत्या. वरून दिसते तशी एक मोटार काढलेली होती.

"इथं काय लिवलंय?"

"पार्किंग," पल्लवी हळूच म्हणाली. "झोपायच्या खोल्या सगळ्या वर दिसतायत."

ललितकडे मोटार नव्हती. म्हणजे तीही घ्यायचं ठरलं होतं, आणि आईला पत्ता नाही! पोटच्या पोरानं आपल्याच हातून सह्या घेऊन आपल्यालाच घराबाहेर काढलं होतं. विमलाबाईंना रडूसुद्धा येईना.

"दादाचं काहीतरी चुकलं असेल," पल्लवी म्हणाली. "मी विचारू का त्याला?"

"खबरदार विचारशील तर."

संध्याकाळी ललितला ताट वाढताना त्यांनीच खडा टाकून पाहिला. "काय रे, मोटार घ्यायचा इचार हाय का?"

"मोटार? मी?" ललित हसला. "तू पण ना आई! भाकरी वाढ."

ते हसणं विमलाबाईंच्या काळजात रुतलं. इतका सराईतपणा आपल्या पोराच्या अंगी कधी आला, तेच त्यांना कळेना.

पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. जागा पल्लवीच्या नावानं करून टाकायची. पल्लवी दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तुझी इच्छा." ललितची पहिली पाळी होती त्या दिवशी तिनं आईला एकेक पायरी धरून खाली उतरवलं आणि नोंदणीच्या कचेरीत नेलं. बक्षीसपत्रावर सही, अंगठा, फोटो. दुपारपर्यंत जागा पल्लवीची झालीसुद्धा. "चार दिवस लेकीकडं राहते," एवढंच विमलाबाईंनी ललितला फोनवर सांगितलं.

त्याला हे कळायला हवं होतं, पण स्वतःच्या तोंडानं सांगायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून चौथ्या दिवशी पल्लवी बाजारात गेल्यावर त्या तिच्या घरच्या तळमजल्याच्या खोलीतून निघाल्या आणि रिक्षा करून वैष्णवीच्या कचेरीत गेल्या. ललितचे नकाशे हीच मुलगी करत होती.

"ललितची फाईल बंद कर, पोरी. जागा आता माझ्या लेकीच्या नावावर हाय. नोंदणी झाली."

वैष्णवीनं कीबोर्डवरचे हात उचलले. "आणि तुमची खोली, काकू?"

"कुठली खोली? मोटार उभी केलीस तू तिथं. या डोळ्यांनी पायलं मी."

"अहो, तो महापालिकेसाठीचा नकाशा!" वैष्णवी उठलीच. "प्लॉट लहान आहे. खाली खोली दाखवली तर गाडीला जागा उरत नाही, नकाशा पास होत नाही. म्हणून तिथे द्यायचा वेगळा, बांधायचा वेगळा. कुणाला बोलू नका, असं ललितदादांना मीच बजावलं होतं."

तिनं टेबलावर दुसरा कागद पसरला, अख्खा. जिन्याला लागून खोली. पूर्वेला खिडकी, रस्त्याकडे दार, भिंतीशी पलंग.

"तीनदा बदलून घेतलाय त्यांनी. बाथरूमला उंबरा नको, आईचा पाय अडकतो. धरायला दांडी हवी. एकेक गोष्ट लिहून आणायचे."

विमलाबाईंनी कागदावरच्या त्या पलंगावर बोट ठेवलं. असल्या पोराला आपण चोर ठरवलं, आणि त्याला एका शब्दानं विचारलंही नाही, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांना जरा धीर आला. परकं कुणी नव्हतं, लेकच होती.

"पल्लवीला सांगते," त्या म्हणाल्या. "तिला तरी बिचारीला काय ठाऊक! जागा परत माझ्या नावानं करून देईल ती."

वैष्णवी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"काकू, ललितदादांना माझ्याकडे पल्लवीताईच घेऊन आल्या होत्या. 'आमच्या घराचं केलंत तसंच करा, आईची खोली नकाशात पार्किंग म्हणून दाखवा,' असं त्याच म्हणाल्या होत्या."