चुलीमागची भिंत

लोकरीचं टोपडं. उत्तरेचा वारा. फक्कीच्या पांढऱ्या रेघा. निंबाची सावली.

मानोऱ्याजवळच्या एका गावात हरीओम आणि राखीच्या दोन खोल्यांच्या घराची आखणी चालली होती. राखीला सहावा महिना होता. चूल निजायच्या खोलीच्या भिंतीला लागूनच पाहिजे, म्हणजे भिंत रात्रभर ऊब धरते, हे ती वाशिमच्या मिस्त्रीला पुन्हापुन्हा सांगत होती.

"वहिनी, इथं उन्हाळ्यात जीव जाते, आन् तुमी हिवाळ्याचं घेऊन बसल्या," मिस्त्री हसला.

"उन्हाळा निंबाखाली निंगून जाते. लेकरू पूस महिन्यात होनार हाये."

"मंग उत्तरेची खिडकी तरी कायले ठेवता?"

"बुजवा. पह्यली पोरगी थंडीनंच गेली माही."

मिस्त्रीचं हसू थांबलं. त्यानं खिडकीची खूण पायानं पुसली आणि चूल ती म्हणाली तिथं आखली. "दिवाळीच्या आत घर उभं करून देतो," तो म्हणाला.

राखी रेघांच्या आत जाऊन बसली. जिथं भिंत येणार होती तिथं हात फिरवत हरीओमला म्हणाली, "औंदा इथंच निजवीन त्याले."

हरीओम मापाची दोरी गुंडाळत होता. ती गुंडाळून झाली, तरी त्यानं मान वर केली नाही.



ऊसतोडीचा ट्रक दरवर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी या दोघांना घेऊन जातो, आणि आणून सोडतो ते उन्हाळा लागल्यावर.