हात कुणाचा?

"जरा सैल कर, डोरीन. श्वास घेता येत नाही."

टिकल्यांचं जांभळं जाकीट लेस्टरच्या खांद्यांवर आधीच सैल झालं होतं. तरी डोरीनने आणखी एक हूक सोडला. आठवडाभर ती तापाने घरीच होती. आज शुक्रवार, आजच कामावर आली होती.

अकरा वर्षं ती लेस्टर क्विलला कपडे चढवत होती. दर शनिवारी संध्याकाळी अर्धा देश चहाचे कप घेऊन त्याचा 'हात कुणाचा?' हा खेळ बघायला बसे. त्याचे बायकी नखरे, अंगठ्यांनी भरलेली बोटं आणि नाक मुरडणं बघून आजीबाईसुद्धा डोळे पुसत हसत. हाच लेस्टर एकवीस वर्षं रेमंड नावाच्या माणसासोबत संसार करतोय, हे स्टुडिओत फक्त डोरीनला आणि निर्माता क्लाइव्हला ठाऊक होतं. रेमंड महिनाभर इस्पितळात होता.

"कसा आहे रे तो?" तिने विचारलं.

"आता दुखत नाही त्याला." लेस्टर गालांवर पावडर थापत होता. "वॉर्डातून फोन आला तर मला सांगशील ना? मी स्टेजवर असलो तरी?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांगशील ना?"

"सांगेन."

सहाला चित्रण सुरू झालं. साडेसहाला कपड्यांच्या खोलीतला फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज आला.

"मिस्टर क्विलना लगेच पाठवा. रेमंड फार तर तासभर काढेल. सारखं त्यांचं नाव घेतोय."

डोरीन धावतच निघाली. स्टेजच्या दारापाशी क्लाइव्ह उभा होता. तिचा चेहरा बघूनच त्याने तिचा दंड धरला आणि तिला बाजूला घेतलं.

"रेमंड चाललाय, क्लाइव्ह. एक तास म्हणतात."

"आत तीनशे माणसं बसलीयत," क्लाइव्ह हलक्या आवाजात म्हणाला. "खेळ अर्धवट सोडला तर उद्या पडद्यावर काय दाखवू? नुसतं फुलदाणीचं चित्र?"

"त्याला वचन दिलंय मी."

"वॉर्डातले लोक असंच सांगतात. माझी आईसुद्धा 'चालली' म्हणून तीनदा कळवलं होतं त्यांनी. तास-सव्वा तासाचा तर प्रश्न आहे. संपलं की मी स्वतः गाडीने सोडतो त्याला." त्याने तिचा दंड सोडला. "तुझी इथली दोनच वर्षं राहिलीत ना, डोरीन? मग पेन्शन. उगाच कशाला."

डोरीन दारापासून मागे सरली.

आत लीड्सचा एक बस ड्रायव्हर, मिस्टर अ‍ॅक्रॉइड, डोळ्यांना पट्टी बांधून उभा होता. पडद्याच्या भोकांतून सहा हात बाहेर आले होते. त्यातला बायकोचा हात त्याने ओळखायचा होता. सहावा हात लेस्टरचा होता, अंगठ्या काढलेला. अ‍ॅक्रॉइडने एकेक हात चाचपला आणि शेवटी तोच घट्ट धरला.

"हीच माझी ग्लॅडिस."

लेस्टर पडद्यामागून बाहेर आला. तीनशे माणसं टाळ्या पिटत हसत होती.

"अगं बाई, मी तर मेलेच," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "तेवीस वर्षांचा संसार, आणि याला माझाच हात बरा वाटला. ग्लॅडिस, वाईट वाटून घेऊ नकोस हो. रविवारी याला परत पाठवते, धुऊन, इस्त्री करून."

डोरीन विंगेत उभी होती. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

मधल्या सुट्टीत लेस्टर तिच्यापाशी आला. तिने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

"काही फोन?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग मान हलवून पुन्हा दिव्यांत गेला. त्या संध्याकाळी तो जितका खुलला तितका अकरा वर्षांत कधी खुलला नव्हता. एक म्हातारी हसता हसता खुर्चीवरून घसरली.

पावणेआठला सगळं संपलं. क्लाइव्हने गाडी दाराशी आणून लावली. डोरीनने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"फोन आला होता," ती म्हणाली. "साडेसहाला. तासभर काढेल म्हणाले. मी सांगायला धावले होते, पण मग थांबले. मला माफ करू नकोस, पण आत्ता चल. अजून असेल कदाचित."

लेस्टर आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग कापसाने पुसत होता. त्याचा हात थांबला नाही.

"रेमंड मंगळवारी गेला," तो म्हणाला. "मी इथे तालमीत होतो. नर्सने तीनदा फोन केला, तिन्ही वेळा क्लाइव्हने घेतला. मला संध्याकाळी तिथे गेल्यावर कळलं. इथे मी कुणालाच सांगितलं नाही, क्लाइव्हलाही नाही. आजचा फोन रेमंडच्या बहिणीने केला, मीच करायला लावला."

डोरीन दाराला टेकून उभी राहिली.

"'मंगळवारी डोरीन इथे असती, तर मी वेळेवर पोचलो असतो,'" तो आरशातूनच तिला म्हणाला. "तीन दिवस मी एवढंच धरून होतो."