पुलावरची फीत

मुलुंडच्या मिठागराजवळचा बुजलेला जुना कालवा गाळ उपसून पुन्हा वाहता केल्यापासून भागीरथीच्या वस्तीची पलीकडच्या दवाखान्याकडे जायची पायवाट बुडाली होती. नवा पूल तयार होता, पण उद्घाटन संध्याकाळी होतं. त्याच दुपारी तिच्या सुनेला, लताला, कळा सुरू झाल्या. मूल आडवं असल्याचं नर्सबाईंनी सांगितलं होतं. लताचा नवरा गिरणीसंपामुळे गावी गेलेला. दोघा शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट आणलं, तर पुलाच्या तोंडाशी लाल फीत लावून, हातात तबक घेऊन कार्यकर्ता उभा. "साहेब येईपर्यंत जायचं नाही, मावशी." लताचे हात गार पडले. "तुझो साहेब थांबतलो, माझी सून थांबाची नाय!" ओरडत भागीरथीने तबकातली कात्री उचलली आणि फीत कापली. संध्याकाळी साहेबांनी गाठ मारलेली फीत कापली, तेव्हा दवाखान्यात लता शुद्धीवर येत होती आणि भागीरथीच्या हातांत नात रडत होती.